कमरेइतक्या पाण्यात

बालातोनच्या दक्षिण काठाला
तळं लवकर सुरूच होत नाही.
चालत राहावं लागतं. घोटा, पोटरी, पुन्हा घोटा
(मध्ये वाळूचा एक उंचवटा आहे, अजून तिथंच आहे),
मग गुडघा,
आणि गुडघ्यानंतर बराच वेळ काहीच नाही.
पूर्वी मला याचा राग यायचा.
पाणी फोडत पळायचे
आणि मांडी भिजली की अंग झोकून द्यायचे.

आज या उथळपणाचा हात धरून चालले आहे.

नऊ वर्षं.
आधी खांदा, मग आईचं अंथरूण,
मग हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी.
सिलाग्यी डॉक्टरीणबाईंनी ती कागदावर काढून दाखवली,
पेनातल्या स्प्रिंगसारखी.
म्हणाल्या, पोहा.
पण जेवून लगेच नको, एकटीनं नको,
गार पाण्यात एकदम उडी नको.
आणि काठाला धरून, मध्याकडे नाही.
मी मान डोलावली.
गळ्यात शिट्टी घालून एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या पोरांना मी हेच ओरडून सांगितलं.
त्यात मीही येते, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

सोबतीला बेन्देगूझ. शेजारच्या इल्दिकोचा,
सोळा वर्षांचा, सकाळी सातला उठवलेला.
त्याच्या हातात नारिंगी फुगा, कमरेला बांधायचा.
"तूच बांध," म्हटलं, "मी तुझ्या आसपास राहते."
त्यानं काही न बोलता तो माझ्या कमरेला बांधला.
दोन गाठी मारल्या. ओढून पाहिल्या.

काठावरचा वादळाचा दिवा आज विझलेला.
तो मिनिटाला पंचेचाळीसदा लुकलुकला तर काठ सोडायचा नाही,
नव्वदला पोचला तर मुकाट्यानं बाहेर.
मी मानेवर दोन बोटं ठेवून
माझा दिवा मोजते.
अठ्ठ्याहत्तर.
अजून पोहलेही नाही.

आधी मनगटं भिजवली, मग मान,
मग छातीवर ओंजळभर पाणी, देवाला घालावं तसं.
मग वाकले.

पोहणं कुणी विसरत नाही म्हणतात.
हात विसरत नाहीत, खरं आहे;
उजवा तर खांद्याचं दुखणं विसरून पुढं गेलासुद्धा.
विसरतो तो श्वास.
तो चुकीच्या वेळी दार उघडतो
आणि आख्खं तळं घरात घेतो.

ठसका.
डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, कानात ढोल.
हातपाय कुठंही.
पाय शोधताहेत खोली, जी इथं नाहीच;
कमरेइतक्या पाण्यात मी बुडायला निघालेली,
एकतीस वर्षांची शिट्टी घेऊन.

"पाय टेकवा, नेनी," मागून पोराचा आवाज, अजिबात घाई नसलेला,
"तळ कुठं पळून जात नाही."

टेकवले.
बोटांच्या फटींतून साईसारखा मऊ चिखल वर आला.
उभी राहिले. पाणी कमरेला.

हे वाक्य माझं आहे.
इल्दिको सहा वर्षांची, लाल टोपी, ओठ निळे,
माझ्या दंडाला नखं रुतवून लटकलेली,
तेव्हा मी तिला म्हटलं होतं.
तिनं ते जपून ठेवलं असेल, मुलाला दिलं असेल,
कुणाचं ते न सांगता.
मीही सांगितलं नाही.

मग आठ हात, उभी.
बारा हात, उभी.
चौदा, आणि मध्येच उगाच हसू आलं
म्हणून पुन्हा उभी.
फुगा मागं मागं, पाळीव बदकासारखा.
पूर्वी तळ्याच्या या काठाहून त्या काठाला गेले आहे मी,
पावणेदोन तासांत, सोबत होडी.
ते आज कुणाला सांगायचं? बदकाला?

मानेवर बोटं. सत्त्याऐंशी.
नव्वदला तीन कमी असताना मी बाहेर निघाले;
अजून चार हात सहज झाले असते,
ते तसेच पाण्यात सोडून आले.

परतताना गुडघा, पोटरी,
उंचवट्यावर घोटा, मग पुन्हा पोटरी.
अंग हळूहळू स्वतःचं वजन
परत मागू लागलं.

टॉवेल देताना पोरगं म्हणालं,
"उद्या आठला चालेल का?"
"आठला," म्हटलं.
"आणि पोटभर खाऊन येऊ नकोस."